पेल्यावरची टिंग

अनेकरावांचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. बाहेर कुणाला त्याची गरज पडली नाही. इंग्रजी मजकुरात एकापेक्षा जास्त माणसं दिसली की त्यांच्या टोप्या, त्यांची डोकी, त्यांची नाकं सगळं मोजून घ्यायची त्यांना खोड होती. त्या खोडीपायी कुणीतरी त्यांना एकदा 'अनेकराव' म्हणालं आणि ते नाव मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखं अंगाला बसलं.

काम प्रूफं तपासण्याचं. एकतीस वर्षं. छापखान्यात इंग्रजी पुस्तिका छापल्या जायच्या: यंत्र कसं चालवावं, शिडीवर कसं चढावं, चढलेल्याने पडू नये म्हणून काय करावं. मधूनमधून शाळांची पत्रकं आणि दवाखान्यांचे अर्ज. जगात कुणीही आवडीने वाचत नाही असा सगळा मजकूर अनेकरावांनी दोनदा वाचलेला होता.

ही खोड जन्मजात नव्हती. नोकरीला लागून महिना झाला नव्हता तेव्हा त्यांच्या सहीने एका शाळेचं पत्रक छापून गेलं. त्यात लिहिलं होतं, 'ऑल बॉइज मस्ट कम विथ देअर मदर.' चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः छापखान्यात आल्या. पत्रक टेबलावर आपटून म्हणाल्या, "माझ्या शाळेत चारशे बारा मुलगे आहेत. या सगळ्यांची मिळून जी एक आई आहे, ती मला दाखवा. मला त्या माउलीचे पाय धरायचेत."

तेव्हाचे मालक हसता हसता खुर्चीवरून घसरले. बाई गेल्यावर मात्र त्यांनी अनेकरावांची अशी काही खरडपट्टी काढली की पुढचे चार दिवस त्यांना स्वतःच्या आईशी बोलतानाही चाचरायला होत होतं.

आपल्या भाषेत हा प्रश्न येत नाही. आपण शंभर माणसं उभी करतो आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. शंभरांत तोंड एकच. सगळे मिळून एक नाक मुरडतात, सगळे एका कपाळाला हात लावतात, आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीचं तसं नाही. तिथे 'देअर' म्हटलं की पुढे ज्याचं त्याचं डोकं ज्याला त्याला द्यावं लागतं; डोकी जितकी माणसं तितकी. बरं, ती भाषा तरी सरळ असावी! कामगारांनी 'देअर हँड्स' वर करावेत असं लिहिलं, तर प्रत्येकाने एक हात वर करायचा की दोन, हे तिचं तिलाच सांगता येत नाही. मग अनेकराव समासात 'ईच वर्कर, वन हँड' असं लिहून मोकळे होत. आणि 'देअर' दिसलं की पुढच्या शब्दाला डोळे मिटून 'एस' डकवावा, असंही नाही. 'देअर अटेन्शन' एकच राहतं, माणसं हजार असली तरी. या बारकाव्यांवर अनेकराव तासभर बोलू शकत. ऐकणारं कुणी नसे, ही त्यांच्या आयुष्यातली मुख्य अडचण होती.

घरी बायको होती, पण तिने हा विषय लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच बंद केला होता.

"अहो, पाहुण्यांची छत्री कोपऱ्यात ठेवा."

"छत्री की छत्र्या? पाहुणे तीन आहेत."

"पाहुणे तीन, छत्र्या तीन, आणि अक्कल या घरात एकच, ती माझ्याकडे. ठेवा आधी, जमीन भिजतेय."

खरा श्रोता छापखान्यात होता. किंबहुना तिथे अनेकराव श्रोते होते आणि बोलायच्या त्या वाचकबाई. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. एक लांब टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. टेबलाच्या त्या बाजूला बाई मूळ प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचायच्या, या बाजूला अनेकराव प्रुफावर बोट आणि पेन्सिल ठेवून ऐकायचे. कानावर आलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं जुळलं नाही की पेन्सिल चालायची. एकोणीस वर्षं असं चाललं होतं. बाई भावाच्या घरी राहत. घरात त्यांचा आवाज फारसा निघत नसे, तो त्या सगळा छापखान्यात आणून वापरत.

वाचन म्हणजे नुसतं वाचन नव्हे. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं बोलून दाखवायचं. परिच्छेद बदलला की टेबलावर दोनदा टकटक. आणि अनेकवचनाची तर खास सोय होती. खालच्या मजल्यावर छपाईचं यंत्र धडधडायला लागलं की शब्दाच्या शेवटचा 'एस' त्या धडधडीत गडप व्हायचा. त्यावर बाईंनीच तोड काढली. टेबलावर पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. शब्द अनेकवचनी असला की त्याच्या कडेवर पेन्सिल मारायची: टिंग. 'वर्कर्स', टिंग, 'मस्ट वेअर देअर हेल्मेट्स', टिंग. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, वर कुणीतरी जेवणाची घंटा वाजवायला शिकतंय. पेल्यात पाणी किती ठेवायचं हेही ठरलेलं होतं, काठापासून दोन बोटं खाली. बाईंना तहान लागली तर त्या दोन घोट पीत आणि लगेच तेवढंच पाणी पुन्हा भरत, नाहीतर टिंगची टँग होते.

गेल्या आठ महिन्यांत अनेकरावांना एक मोठं समाधान लाभलं होतं. लेखक सुधारले होते. पूर्वी दर चार पानांना एखादा लेखक दहा कामगारांना एकच डोकं वाटायला लावायचा. आता 'देअर' आलं की मागोमाग नेमकी टिंग. अक्षरजुळणी करणारा मात्र अजून तसाच होता. तो 'एस' गाळायचा आणि अनेकराव त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडत तो घालायचे.

"उशिरा का होईना, जगाला पटलं," ते बायकोला म्हणाले.

"जगाला कळवलं होतं का तुम्ही?"

"चांगली गोष्ट आपोआप पसरते."

"हो का? मग आपल्या घरी कधी पोचली नाही ती?"

या सुखात एके दिवशी मालकिणीने त्यांना खाली बोलावलं. मालकीण म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. बापाचं हसणं तिच्याकडे आलं नव्हतं, हिशेबीपणा तेवढा आला होता.

"अनेकराव, दोन माणसं एका खोलीत बसून एकच कागद वाचतात हे मी बाहेर सांगितलं तर माझं हसं होतं. मूळ प्रत आणि प्रूफ संगणक एका मिनिटात ताडून देतो."

"आणि चूक कोण काढणार?"

"तुम्ही. तुम्ही आहातच. बाईंचं बघू."

'बाईंचं बघू' हे दोन शब्द ऐकल्यावर अनेकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीशी वाद घातला. कसा घातला ते त्यांना नंतर आठवेना, पण शेवटी एवढं ठरलं: वजन उचलायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याची चाळीस पानी पुस्तिका आली होती. ती एकही चूक न राहता गेली, तर खोलीत दोन खुर्च्या राहतील. चूक निघाली तर एक.

वर येऊन त्यांनी बाईंना सांगितलं.  बाई पेल्यातलं दोन घोट पाणी प्यायल्या, मग उठून ते खुणेपर्यंत भरलं.

"चला," म्हणाल्या, "कॅपिटल एस, सेफ्टी."

दोन दिवसांत पुस्तिका वाचून झाली. बाईंचा आवाज खणखणीत, टिंगा जागच्या जागी. अनेकरावांनी दुरुस्त्या केल्या, सही केली, प्रुफं खाली गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले आणि टेबल आवरायला लागले. डबा उचलला तर डब्याखाली एक कागद. कारखान्याच्या मूळ प्रतीचं चौदावं पान. पहिल्या दिवशी संध्याकाळी एका सुट्या भागाचं स्पेलिंग बघायला त्यांनी ते बाईंच्या गठ्ठ्यातून काढून घेतलं होतं आणि वर डबा ठेवून विसरले होते.

अनेकराव ते पान हातात घेऊन उभे राहिले. चौदावं पान वाचलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्यात एक मोठी दुरुस्ती होती. बाईंनी ते अखंड वाचलं होतं, स्वल्पविरामांसकट. आणि पान तर त्यांच्या डब्याखाली होतं.

त्यांनी पान वाचलं. त्यात होतं, भोंगा वाजला की कामगारांनी हिरव्या दारापाशी जमावं. बाईंनी वाचलं होतं, पिवळ्या रेघेमागे जावं. म्हणजे जुळणाऱ्याने बरोबर जुळवलेलं 'हिरवं दार' अनेकरावांनी स्वतःच्या हाताने खोडून 'पिवळी रेघ' केलं होतं. त्याच पानावर खाली होतं, 'देअर हेड'. एकच डोकं. त्यांनी घाईघाईने बाईंचा गठ्ठा ओढून बाकीची पानं पाहिली. 'देअर हेल्मेट.' 'देअर बेल्ट.' एका ठिकाणी तर नऊ चालकांना मिळून एक लायसन्स. लेखक होते तिथेच होते. तो बिचारा जुळणारा आठ महिने समोर आहे तेच इमानाने जुळवत होता आणि शिव्या खात होता.

बाई आल्या. रोजच्यासारखा पेला विसळला, भरला, खुर्चीवर बसल्या. अनेकरावांनी पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाई, हे जरा वाचता?"

बाईंनी ते उचललं, खिडकीकडे धरलं, थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे. मग खाली ठेवलं.

"चौदा असणार," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकोणचाळीसच भरत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणतं हरवलंय ते सांगायचं तर आकडे वाचायला हवेत. ते कुठे दिसतायत? वाचता वाचता तेरानंतर एकदम भलताच विषय हाताला लागला, तेव्हा कळलं."

"आणि थांबला नाहीत!"

"थांबले असते तर हेच आज झालंय ते कालच झालं असतं."

अनेकराव खुर्चीत बसले. बाई सांगत होत्या, आवाज नेहमीसारखाच सपाट. नजरेच्या मधोमध डाग आलाय. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने जायचा नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. "तुमच्याकडे पाहिलं तर कान दिसतात, नाक नाही."

"एक कान की दोन?" अनेकरावांच्या तोंडून निघून गेलं. मेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं असतं.

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मग पुन्हा हसल्या. "दोन. मोजून दोन."

"आठ महिने?"

"आठ. या पुस्तिका सगळ्या सख्ख्या बहिणी, अनेकराव. एकोणीस वर्षं वाचतेय. कडेकडेने चार शब्द दिसले की बाकीची ओळ पाठच असते. आणि अडलं तर तुम्ही तिथे काय लावाल ते मला ठाऊक आहे. 'देअर' आलं की द्यायची टिंग. लेखकाने काय लिहिलंय ते विचारतो कोण?"

"म्हणजे लेखक सुधारले नाहीत?"

"लेखक कसले सुधारतायत! तुमचंच तुम्हाला वाचून दाखवत होते."

हा घाव अनेकरावांना वर्मी लागला. पण दुःख करायला वेळ नव्हता. "बाई, भोंगा वाजल्यावर कुठे जायचं?"

"पिवळ्या रेघेमागे."

"हिरव्या दारापाशी. यंदा बदललंय."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. पिवळी रेघ याच कारखान्याच्या गेल्या वर्षीच्या पुस्तिकेतली होती. खरंच भोंगा वाजला आणि माणसं पुस्तिकेचं ऐकून चुकीच्या जागी उभी राहिली तर काय, हे दोघांनाही एकाच वेळी दिसलं. खाली दहा वाजता छपाई सुरू व्हायची होती. घड्याळात पावणेदहा.

"तुम्ही बसा," अनेकराव उठले. "मी सांगतो, पान माझ्या डब्याखाली राहिलं. चूक माझी."

"खोटं सांगणार?"

"खोटं काय त्यात? पान माझ्याच डब्याखाली होतं."

"आणि पिवळी रेघ कुणाच्या तोंडून आली? डब्याच्या?" बाई उठल्या. "चला. जिना उतरताना पुढे राहा, पायऱ्या मला नीट दिसत नाहीत."

दोघं खाली गेले. यंत्रावर कागद चढत होता. अनेकरावांनी आधी तो थांबवला, मग मालकिणीकडे गेले. त्यांनी डब्यापासून सुरुवात केली. बाईंनी त्यांना दुसऱ्याच वाक्याला गप्प केलं आणि स्वतः सांगितलं, आठ महिने, डाग, पाठांतर, सगळं. मालकिणीने हातातलं पेन बंद करून बाजूला ठेवलं. हे लक्षण वाईट होतं.

"चौदावं पान समोर नसताना तुम्ही ते वाचलंत," ती शेवटी म्हणाली.

"गेल्या वर्षीचं वाचलं."

"शब्द न शब्द?"

"स्वल्पविराम धरून," अनेकरावांच्या आवाजात नको तिथे अभिमान आला. मालकिणीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तो परत गेला.

"छपाई उद्या दुपारवर ढकलते. तोवर पहिल्या पानापासून पुन्हा बघा. दोघांनी. त्यानंतर काय करायचं ते मला ठरवायला लागेल, आणि ते मला आवडणार नाही."

वर आल्यावर पेच पडला. वाचायचं कुणी? डोळे एकाच माणसाकडे होते. तेव्हा अनेकराव बाईंच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बाई अनेकरावांच्या. बाईंनी पद्धत सांगितली: आधी मूळ पान वाचा, मग तेच पान प्रुफातून. एकदा ऐकलेलं पान अर्धा तास तरी डोक्यातून हलत नाही. फरक ऐकू आला की मी वाजवीन.

अनेकरावांना वाटलं होतं, वाचणं म्हणजे काय, एकोणीस वर्षं ऐकलंय की. पण दोन ओळींतच कळलं, की ऐकणारा निराळा आणि वाचणारा निराळा. त्यांचा आवाज घशातून निघायचा आणि मिशीत अडकायचा.

"वर्कर... मस्ट..."

"वर्कर किती?"

"अनेक."

"मग टिंग कुठे गेली? शेपटी गिळू नका. आयुष्यभर जगाच्या शेपट्या मोजल्यात, स्वतःच्या तरी नीट बोला."

पेला बाईंनी आपल्याकडे ओढून घेतला होता. दिवसभर तो वाजत राहिला. अनेकरावांचे लेखकांवरचे राग आठ महिने साठून राहिले होते, तेही एकेक करून बाहेर पडले. 'देअर हेड' आलं की ते वाचन थांबवून लेखकाचा उद्धार करत, आणि बाई म्हणत, "झालं? पुढे." चौदाव्या पानावर हिरवं दार परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता एकतिसावं पान निघालं. त्यावर एक चित्र आणि चित्राखाली दोन ओळी. अनेकरावांनी मूळ वाचलं, प्रूफ वाचलं. टिंग.

"नाही हो, जुळतंय. अक्षर न अक्षर."

"जुळतंय. पण काय जुळतंय ते पुन्हा वाचा."

अनेकरावांनी वाचलं. भोंगा वाजल्यावर पिवळ्या रेघेमागे उभे असलेले कामगार.

"चौदावर हिरवं दार, इथे पिवळी रेघ," बाई म्हणाल्या. "मजकूर बदलला आणि चित्र बदलायचं राहिलं. त्यांचंच राहिलं, आपलं नाही. माणसांनी जायचं कुठे?"

दोघं दोन्ही पानं घेऊन खाली गेले. मालकिणीने आधी एकतिसावं संगणकाला दिलं. संगणकाने मिनिटभर विचार करून सांगितलं, मूळ प्रत आणि प्रूफ यांत काहीही फरक नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. मग तिने कारखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस आधी 'असं होणारच नाही' म्हणाला, मग पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी तो म्हणाला, तासाभरात नवं चित्र पाठवतो, आणि ज्याने कुणी हे पाहिलं त्याला आमचे आभार सांगा.

"पाहिलं नाही," मालकीण म्हणाली. "ऐकलं."

फोन ठेवून तिने काही वेळ टेबलावर बोटं वाजवली. "मी चूक न निघण्याची अट घातली होती. चूक निघाली."

"दोन निघाल्या," अनेकराव म्हणाले. मोजलेलं सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बाईंनी त्यांच्या बाहीला हिसका दिला.

"एक तुमची, एक त्यांची. त्यांची संगणकाला सापडली नसती." ती बाईंकडे वळली. "आता यापुढे दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी."

"म्हणेन."

"ताडायचं काम संगणक करील. त्यानंतर अनेकराव वाचतील, तुम्ही ऐकाल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आणि अनेकराव, तोंड उघडून वाचा. काल खालपर्यंत ऐकू येत होतं, काहीच ऐकू येत नव्हतं."

या वाक्यात काहीतरी बिघडलेलं आहे हे अनेकरावांच्या लक्षात आलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही. दोघं वर आले. बाईंनी पेला भरला, काठापासून दोन बोटं खाली, बोटाने चाचपून.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आज इतकं काय फुललंय?"

"लेखक पुन्हा बिघडले. 'देअर'नंतर एक जागा धड नाही. एका पुस्तिकेत तेवीस, अगं! तेवीस!"

"मग त्यात आनंद कसला?"

अनेकरावांनी तिला सगळं सांगितलं, डब्यापासून. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण मग तुमच्या वाचनाचं काय? तुम्ही तर साधा निरोप सांगता तोही मला दोनदा विचारावा लागतो."

 अनेकरावांनी शेल्फवरून गेल्या वर्षीची शिडीची पुस्तिका काढली, खुर्चीत ताठ बसले आणि घसा खाकरून सुरुवात केली. बायकोने स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेला एक पेला आणि चमचा आणला, समोर बसली.

"इंग्रजी मला फारसं कळत नाही," ती म्हणाली, "पण शेपटी गिळलेली कळते. हं, वाचा."

"पीपल यूझिंग लॅडर..."

टिंग.